कुठला मसाज घेऊ? 19 वर्षं हेच काम केल्यावर माझं उत्तर

तुम्ही विचारलंय की दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून मान आणि खांदे कायम आखडलेले असतात, मसाज घ्यायचाय, पण यादी उघडली की स्वीडिश, डीप टिश्यू, थाई, शियात्सु, अभ्यंग, हॉट स्टोन, रिफ्लेक्सॉलॉजी अशी दहा-पंधरा नावं आणि प्रत्येकापुढे तेच तेच फायदे लिहिलेले, मग नेमकं घ्यायचं काय आणि त्यातलं खरं किती. प्रश्न रास्त आहे. मी 19 वर्षं मसाज थेरपीचं काम करतेय, त्यातली बरीच वर्षं फिजिओथेरपिस्टच्या सोबतीनं केलीत, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, सवडीनं वाचा.

आधी मुद्द्याचं सांगून टाकते. मसाजचं नाव काय यावर फार अडून राहू नका. दाब किती, तो किती सावकाश येतो, आणि हात लावणारा माणूस तुमचं ऐकतो की नाही, खरा फरक इथे पडतो. हे मी नुसतं अनुभवावरून म्हणत नाही. 2011 मध्ये अमेरिकेत जुनाट कंबरदुखीवरची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, 401 लोक होते, त्यांचे तीन गट केले. एका गटाला साधा, अंग सैल करणारा रिलॅक्सेशन मसाज, दुसऱ्याला स्ट्रक्चरल म्हणजे कुठला स्नायू आखडलाय कुठला सांधा अडतोय ते शोधून त्यावर नेमकं काम करणारा मसाज, आणि तिसऱ्याला त्यांचे नेहमीचे उपचार. आठवड्याला एक असे 10 मसाज. शेवटी दोन्ही मसाजवाल्या गटांत तिघांतल्या एकापेक्षा जास्त लोक म्हणाले की दुखणं खूप कमी झालं किंवा गेलंच, आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत असं म्हणणारा 25 जणांत एक. आता गंमत बघा, त्या दोन मसाजांत आपापसात म्हणावा असा फरक काही निघाला नाही. फायदा सहा महिने बऱ्यापैकी टिकला, वर्षभरात विरत गेला. मी स्ट्रक्चरल काम शिकायला कितीतरी वर्षं घातलीत, त्यामुळे हे वाचून मी बरेच दिवस विचारात पडले होते, आणि त्यानंतर माझी काम करायची पद्धत खरोखर बदलली.

असं का होत असेल हे कळायला मसाज आत काय करतो ते बघावं लागतं. आपल्याला वाटतं हात स्नायूवर काम करतो, ते खरंच आहे पण अर्धंच, उरलेलं काम नसांवर म्हणजे मज्जासंस्थेवर होतं. कुठे आपटलं की आपण आपोआप तिथे चोळतो ना, त्यानं बरं वाटतं कारण स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश मज्जारज्जूपाशी दुखण्याच्या संदेशांची वाट अडवतात, मेलझॅक आणि वॉल या दोघांनी 1965 मध्ये ही कल्पना मांडली, तिला गेट कंट्रोल म्हणतात. पुढच्या संशोधनात त्यातल्या बारीकसारीक गोष्टी बदलल्या पण मूळ कल्पना टिकून आहे. दुसरं म्हणजे केस असलेल्या त्वचेत एक खास प्रकारचे मज्जातंतू असतात, सी टॅक्टाइल म्हणतात त्यांना, त्यांना हळू, ऊबदार हात आवडतो. सेकंदाला 1 ते 10 सेंटीमीटर या वेगानं हात फिरला तर ते चांगले जागे होतात, साधारण 3 सेंटीमीटरच्या आसपास सगळ्यात जास्त. एकदा तुमच्या हातावर स्वतःच करून बघा, सेकंदाला 3 सेंटीमीटर म्हणजे मनगटापासून कोपरापर्यंत जायला आठेक सेकंद लागतात, इतका सावकाश हात फार कमी ठिकाणी फिरतो. नवीन मुली माझ्याकडे शिकायला येतात तेव्हा मी पहिला आठवडा त्यांना दुसरं काही शिकवतच नाही, फक्त हात हळू करायला लावते, आणि तेच त्यांना सगळ्यात अवघड जातं.

आता ज्या गोष्टी सगळीकडे ऐकायला मिळतात पण तशा नाहीत त्या सांगते, कारण त्यामुळे लोक चुकीच्या अपेक्षेनं येतात. "शरीरातले टॉक्सिन्स बाहेर पडतात" हे आमच्या क्षेत्रात सगळ्यात जास्त बोललं जाणारं वाक्य आहे आणि त्याला आधार नाही. शरीराची सफाई लिव्हर आणि किडन्या करतात, आमचे हात नाही. मसाजनंतर पाणी जरूर प्या, तहान लागतेच, पण टॉक्सिन धुऊन निघावेत म्हणून नका पिऊ. तसंच व्यायामानंतर स्नायूंत साठलेलं लॅक्टिक ॲसिड मसाजनं निघून जातं, हेही खरं नाही. ते व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात शरीर स्वतःच निस्तरतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे अंग ठणकतं ते त्याच्यामुळे ठणकतच नाही, स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजा आणि त्यातून आलेली सूज हे त्याचं कारण. आणि तिसरं, "गाठ फोडली". खांद्यात बोटाला जी कडक गाठ लागते ती दाबून फुटत नाही, तो स्नायूचा ताणून राहिलेला भाग असतो, मज्जासंस्थेला धोका नाही असं वाटलं की तो सैल पडतो. फरक बारीक वाटेल, पण तो समजला की जोर लावायची गरजच उरत नाही.

स्वीडिशपासून सुरू करते कारण बाकीच्या बऱ्याच प्रकारांचा पाया तोच आहे. नाव स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यांच्याशी जोडलं जातं, त्यांनी 1813 मध्ये स्टॉकहोममध्ये जिम्नॅस्टिक्सची संस्था काढली होती, पण आज ज्या हालचाली स्वीडिश म्हणून शिकवतात त्यांची पद्धतशीर मांडणी केली ती योहान मेट्झगर या डच डॉक्टरनं. हालचाली पाच, हात लांब सरकवणं, कणीक तिंबल्यासारखं स्नायू मळणं, बोटांनी गोल गोल रगडणं, थापटणं आणि कंप देणं. पहिल्यांदा मसाज घेणाऱ्याला, झोप लागत नाही अशी तक्रार असणाऱ्याला, टेन्शननं अंग जड झालेल्याला मी हाच सुचवते. लोक याला हलका समजतात आणि "मला चांगला जोरातला हवा" म्हणतात, पण वरची 2011 ची चाचणी आठवा, कंबरदुखीला साध्या मसाजनं तेवढाच आराम दिला होता.

डीप टिश्यूबद्दल मात्र मला बरंच बोलायचंय कारण सगळ्यात जास्त गैरसमज आणि सगळ्यात जास्त इजा मी इथेच बघितल्यात. डीप म्हणजे जोरात असा अर्थ नाही हो. वरच्या थरातले स्नायू आधी ऊबदार आणि सैल करायचे, मग खालच्या थरापर्यंत कोपराच्या अलीकडच्या हाताच्या सपाट भागानं किंवा बोटांच्या पेरांनी सावकाश बुडत जायचं, तिथे थांबायचं, श्वास सुटला की थोडं पुढे सरकायचं. एका जागी मिनिट-दीड मिनिट सहज जातं. पण होतं काय की सुरुवातीलाच कोपर रोवतात आणि घासत सुटतात. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, पाठीवर दोन्ही बाजूंना हाताएवढे निळे डाग, आणि मला समाधानानं सांगत होते की आदल्या आठवड्यात फार छान डीप टिश्यू मिळाला. निळं पडणं म्हणजे आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटल्या, दुसरं काही नाही. त्यांना मी डाग पूर्ण जाईपर्यंत थांबायला सांगितलं, नंतर अर्ध्या दाबानं केलं, आणि दुसऱ्या वेळेला ते टेबलवर चक्क झोपले, वीस मिनिटांनी उठले तेव्हा मान आधीपेक्षा बरीच जास्त वळत होती. दाबाचं माप मी असं देते, 0 ते 10 मध्ये 0 म्हणजे काहीच नाही आणि 10 म्हणजे सहनच होत नाही, तर 6-7 च्या वर जायचं नाही. दुखेल, पण "हो, हेच, इथेच" असं वाटायला लावणारं दुखणं असलं पाहिजे. तुमचा श्वास अडला, पायाची बोटं आखडली, मुठी वळल्या तर तो दाब तुमच्या शरीराला मान्य नाही, तोंडानं तुम्ही "चालेल चालेल" म्हणत असलात तरी. मी बोलण्याकडे कमी आणि पायाच्या बोटांकडे जास्त बघते.

फॅसिया म्हणजे स्नायूंवरचं आवरण, ते ताणून सरळ करायचं अशी इडा रॉल्फ यांची पद्धत आहे, रॉल्फिंग, 10 सेशनचा क्रम असतो. ज्यांनी मनापासून केलं त्यांना उभं राहायची ढब बदलल्याचा अनुभव येतो हे मी पाहिलंय. पण हातानं ते आवरण ताणलं जातं हे पटण्यासारखं नाही, 2008 मध्ये गणिती मॉडेल करून बघितलं तर मांडीच्या बाहेरच्या बाजूचं आणि तळव्याचं जाड आवरण थोडंसं जरी बदलायचं तर माणसाच्या हाताच्या आवाक्याबाहेरचा जोर लागतो असं निघालं. म्हणजे इथेही बदल होतो तो बहुतेक नसांच्या मार्गानं.

ट्रिगर पॉइंटची कल्पना तुमच्या मानेसाठी कामाची आहे. जॅनेट ट्रॅव्हेल या अमेरिकन डॉक्टरनं तिच्यावर आयुष्य घालवलं, त्या राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या डॉक्टर होत्या, त्यांच्या पाठदुखीवर उपचार करायच्या. कल्पना अशी की स्नायूत एक चिमुकली, दाबल्यावर फार दुखणारी जागा असते आणि तिचं दुखणं भलतीकडेच जाणवतं. खांद्याच्या वरच्या स्नायूत, मान आणि खांद्याच्या मधोमध चिमटीत येतो तो, तिथे दाबलं की कित्येकांना कानामागून कपाळाच्या बाजूपर्यंत डोकं दुखायला लागतं, "अरे हीच माझी डोकेदुखी" असं म्हणतात लोक. ही जागा म्हणजे स्नायूत नेमकं काय असतं यावर तज्ज्ञांत अजून वाद आहेत आणि दोन थेरपिस्टना एकच जागा सापडेल याचीही खात्री नसते, हे मी लपवत नाही. तरीपण त्या जागेवर सहन होईल असा दाब देऊन 30 ते 60 सेकंद थांबणं, मग स्नायू हळूच ताणणं, यानं आराम पडतो हे मी रोज बघते.

खेळाडूंसाठीचा स्पोर्ट्स मसाज वेगळा असतो तो वेळेमुळे. स्पर्धेच्या आधी लहान आणि झपाट्याचा, स्नायू जागे करायला, स्पर्धेनंतर हलका. स्पर्धेच्या आदल्या दिवशी खोल मसाज कधीच घेऊ नका, दुसऱ्या दिवशी पाय जड राहतात. फायद्याचं म्हणाल तर 2020 मध्ये बऱ्याच चाचण्या एकत्र करून पाहिलं तेव्हा ताकद, वेग, उडी यांत मसाजनं सुधारणा दिसली नाही, लवचिकता आणि नंतरचं ठणकणं यांत थोडा फायदा दिसला. 2012 मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात 11 तरुणांच्या मांडीला दमवणाऱ्या व्यायामानंतर 10 मिनिटं मसाज करून स्नायूचे तुकडे तपासले होते, मसाज झालेल्या पायात सुजेशी संबंधित संदेश कमी दिसले आणि लॅक्टिक ॲसिडमध्ये काही फरक नव्हता. अभ्यास छोटासाच, पण दिशा चांगली दाखवतो.

लिम्फ ड्रेनेज हा माझ्या सगळ्यात जवळचा विषय. 1930 च्या दशकात एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या डॅनिश जोडप्यानं ही पद्धत बसवली. लसिका म्हणजे लिम्फ, पेशींभोवतीचं जास्तीचं पाणी, ते वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्यांचं एक जाळं त्वचेच्या अगदी खाली असतं, त्यामुळे इथे दाब इतका कमी असतो की बघणाऱ्याला वाटतं काही चाललंच नाहीये, त्वचा फक्त हलकी ताणायची आणि सोडायची, विशिष्ट दिशेनं, आणि आधी सूज नसलेला भाग मोकळा करायचा म्हणजे पाणी जायला वाट होते. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्या की काही बायकांचा हात सुजतो, कायमचा जड होतो, बांगडी चढत नाही, ब्लाउजची बाही घट्ट होते. त्यांच्यासाठी हे फार मोलाचं आहे, पण एकट्या मसाजनं भागत नाही, सोबत दाबाचे बँडेज किंवा स्लीव्ह, हाताचे व्यायाम आणि त्वचेची काळजी हे सगळं एकत्र लागतं, नाहीतर सूज पुन्हा भरते. एक बाई माझ्याकडे आल्या होत्या त्यांनी तीन महिने कुठेतरी सुजलेल्या हातावर जोरजोरात तेल रगडून घेतलं होतं, सूज वाढतच गेलेली. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की या हाताला जोर चालत नाही. आम्ही बँडेजसकट सुरू केलं, महिन्याभरात त्यांना पहिल्यांदा त्या हाताची मूठ पूर्ण वळवता आली तेव्हा आम्ही दोघी रडलो होतो. हे काम रीतसर शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या. आणि हाच प्रकार वजन कमी करायला म्हणून जो विकतात ना, त्यात हलतं ते पाणी, चरबी नाही.

थाई मसाज तेलाशिवाय, सैल कपडे घालून, जमिनीवरच्या गादीवर होतो. दाबणं आणि ताणणं दोन्ही असतं, थेरपिस्ट स्वतःचं वजन, तळहात, गुडघे, पाय सगळं वापरतो. बँकॉकच्या वाट फो मंदिरात शरीरावरच्या रेषा आणि बिंदू कोरलेल्या शिळा आहेत, आणि 2019 मध्ये युनेस्कोनं या कलेला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. तेल चालत नाही किंवा कपडे काढायला संकोच वाटतो अशांना हा फार सोयीचा, बैठ्या कामानं खुबे आणि मांड्यांच्या मागचा भाग आखडलेल्यांना तर छानच. स्लिप डिस्क असेल, सांधे बदललेले असतील, हाडं ठिसूळ असतील तर मात्र ते ताणणं नको. शियात्सु जपानचा, शी म्हणजे बोट आणि आत्सु म्हणजे दाब, अंगठ्यानं एकेका जागी सरळ दाब देत पुढे जातात, तेही कपड्यांवरूनच. दोन्हीकडे ऊर्जेच्या वाहिन्या मानतात, त्या तुम्ही माना किंवा मानू नका, एका लयीत येणाऱ्या दाबाचा आराम मिळायचा तो मिळतोच.

अभ्यंग म्हणजे कोमट तेलानं सर्वांगाला मालिश. अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात तो रोज करावा, डोकं, कान आणि पाय यांना विशेष करावा असं सांगितलंय, आणि लगेच तिथेच अजीर्ण झालेल्यानं, कफाचा त्रास असलेल्यानं आणि नुकतीच शोधनक्रिया म्हणजे वमन, विरेचन अशी शरीरशुद्धी झालेल्यानं करू नये असंही सांगितलंय. मला हे फार आवडतं, उपाय सांगताना कोणी करू नये हे त्याच दमात सांगायचं, आमच्या क्षेत्रात आज तेवढंच राहून जातं. कोरड्या त्वचेला, म्हाताऱ्या माणसांच्या आखडलेल्या अंगाला, वाताच्या तक्रारींना अभ्यंग मानवतो, त्यातला हात लांब, संथ आणि लयीत असतो म्हणजे मघाचं ते सेकंदाला 3 सेंटीमीटरचं गणित इथे आपोआप जुळतं. तेल नवीन असेल तर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघा, तिळाची किंवा बदामाची ॲलर्जी असते काहींना. शिरोधारा हा मालिशीचा प्रकार म्हणता येणार नाही, कपाळावर तेलाची धार सोडतात, शांत वाटतं, तेवढं सांगून पुढे जाते.

रिफ्लेक्सॉलॉजीत तळव्याच्या ठराविक जागा म्हणजे लिव्हर, किडनी वगैरे असं मानतात. तळवे दाबून घेतल्यावर झोप छान लागते, थकवा उतरतो, हे मी मान्य करते आणि करतेही, पण तळव्याच्या जागेवरून आतला आजार ओळखता येतो किंवा बरा होतो याला पुरावा नाही, तेव्हा कोणी तळवा दाबून "तुमच्या किडनीत बिघाड आहे" म्हणालं तर घाबरू नका आणि त्या आधारावर औषधंही बंद करू नका. हॉट स्टोनमध्ये उष्णतेनं स्नायू लवकर सैल होतात, दगड हातात धरवत नसेल तर तो पाठीवर ठेवू देऊ नका. अरोमाथेरपीतली सुगंधी तेलं कधीही थेट त्वचेवर नको, साध्या तेलात मिसळूनच.

लहान बाळांबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1986 मध्ये टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेळेआधी जन्मलेल्या बाळांना दिवसातून तीनदा 15-15 मिनिटं, 10 दिवस हळुवार मालिश आणि हातपायांची हालचाल दिली, त्या बाळांचं वजन रोज बाकीच्यांपेक्षा 47 टक्के जास्त वाढलं. पुढे असं दिसलं की अगदी हलक्या, गुदगुल्या होतील अशा स्पर्शानं हे होत नाही, थोडा ठाम पण प्रेमळ दाब लागतो. रगडायचं मात्र अजिबात नाही, बाळाचे सांधे जोरानं ओढायचे नाहीत, नाका-कानात तेल सोडायचं नाही, आणि बाळ रडायला लागलं की थांबायचं. वेळेआधी जन्मलेलं बाळ असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

गरोदरपणात कुशीवर झोपवून, उशा लावून केलेला हलका मसाज कंबरेला आणि पायांना फार बरं वाटायला लावतो, पाचव्या महिन्यानंतर बराच वेळ उताणं झोपवू नये. पायांवर खोल दाब नको, कारण त्या काळात रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढलेला असतो.

गुठळीवरून महत्त्वाचं. एक जण लांबच्या प्रवासानंतर माझ्याकडे आला, म्हणाला एका पोटरीत गोळा आलाय, जरा दाबून द्या. मी हात लावायच्या आधी दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी बघितल्या, दुखरी पोटरी सुजलेली, गरम, थोडी लालसर. मी मसाज केला नाही, तसाच हॉस्पिटलला पाठवला, खोल शिरेत गुठळी निघाली. ती रगडली असती तर सुटून फुफ्फुसात जाऊ शकली असती आणि त्यात जीव जातो. म्हणून एकाच पायाला सूज, उष्णता आणि दुखणं असेल तर मसाज नको, आधी डॉक्टर. ताप, त्वचेला संसर्ग, उघडी जखम, नुकतं मोडलेलं हाड, आटोक्यात नसलेलं बीपी असताना थांबायचं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर खोल दाब नको, डायबेटिसनं पाय बधिर झालेले असतील तर तिथे फार सांभाळून कारण दाब जास्त झालेला त्या माणसाला कळतच नाही. फुगलेल्या शिरांवर दाबायचं नाही. कॅन्सर असेल तर मसाज पूर्ण वर्ज्य असं नाही, हलका मसाज चिंता आणि मळमळ कमी करायला मदत करतो, पण गाठीच्या जागी आणि रेडिएशन चालू असलेल्या भागावर हात नको, आणि डॉक्टरांना कळवून.

आता तुमची मान. मानेसाठी 2014 मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली, 228 जण होते, मसाज किती घ्यावा हेच त्यात बघितलं. चार आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा 60 मिनिटं घेणाऱ्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला, आणि 30 मिनिटांचे मसाज आठवड्यातून दोन-तीनदा घेतले तरी न घेणाऱ्यांपेक्षा फारसा फरक दिसला नाही. म्हणून महिन्यातून एकदा अर्धा तास घेऊन "काही उपयोग नाही" असं ठरवू नका. तुम्हाला मी पहिल्यांदा साधा स्वीडिश, पूर्ण पाठ आणि खांद्यांचा, एक तासाचा घ्यायला सांगेन, आठवड्यात दोनदा जमलं तर उत्तम. पहिल्या भेटीत शरीराला तो हात ओळखीचा होऊ दे, मग दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला खांद्यावरच्या दुखऱ्या जागांवर ट्रिगर पॉइंटचं काम आणि छातीच्या पुढच्या स्नायूंवरही थोडं, ते स्नायू आखडून खांदे पुढे ओढतात आणि दुखतं मात्र मागे, त्यामुळे पुढचा भाग नेहमी विसरला जातो.

जाल तिथे बघा की हात लावायच्या आधी ते प्रश्न विचारतात का, कुठली औषधं चालू आहेत, ऑपरेशन काय झालंय, कुठे हात नको आहे. काही न विचारता सरळ "झोपा" म्हणाले तर उठून निघून या. अंगावर चादर असली पाहिजे आणि फक्त ज्या भागावर काम चाललंय तेवढाच उघडा. मानेच्या पुढच्या बाजूला दाब देऊ देऊ नका, तिथे मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी आहे. आणि मसाजच्या शेवटी झटका देऊन मान कडकन वाजवायची पद्धत आहे काही ठिकाणी, ती मला अजिबात मान्य नाही, मानेतल्या रक्तवाहिनीला चीर जाऊन पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकात नोंदलेल्या आहेत. सुरुवातीलाच स्पष्ट सांगा, मान वाजवायची नाही.

मधल्या दिवसांत घरी भिंतीला टेनिस बॉल टेकवून त्यावर खांद्याच्या मागचा भाग ठेवा, पाठीच्या कण्यावर नाही, कण्याच्या बाजूच्या मांसल भागावर, दुखरी जागा सापडली की तिथे तीन-चार सावकाश श्वास थांबा आणि पुढे सरका, रोज पाच मिनिटं पुरे. तासाला एकदा खुर्चीतून उठा, कारण आठ तास एकाच ठेवणीत बसून राहिलात तर माझ्या हातानं एका तासात सैल झालेलं दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत परत तसंच होतं. चार आठवड्यांत काहीच फरक वाटला नाही तर तोच मसाज पुढे ओढत बसू नका, फिजिओथेरपिस्टला दाखवा. आणि हातात मुंग्या येत असतील, पकड सुटत असेल, चालताना तोल जात असेल, ताप किंवा कारण नसताना वजन उतरत असेल, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल, तर चार आठवडेही थांबायचं नाही, मसाज बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. यातलं काही तुमच्या बाबतीत असेल तर पुन्हा लिहा, किती दिवसांपासून आहे आणि कुठल्या हातात आहे तेही लिहा.